दोन दिवसांची कार्यशाळा की दहा दिवसांचे शिबिर? प्रथमच जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

मराठवाड्यात आता व्यक्तिमत्त्व विकास, ताणमुक्ती, ध्यान, संभाषणकला अशा नाना नावांच्या कार्यशाळांची वाण राहिलेली नाही. छत्रपती संभाजीनगर, लातूर किंवा नांदेड येथील एखाद्या हॉटेलच्या सभागृहात शनिवार-रविवार भरणाऱ्या वर्गापासून ते मोबाइल जमा करून दहा दिवस मौनात राहण्याच्या निवासी शिबिरापर्यंत सर्व प्रकार येथील माणसाच्या आवाक्यात आले आहेत. प्रथमच जाणाऱ्याला साहजिकच कालावधीचा प्रश्न पडतो: आधी थोडक्यात अनुभव घ्यावा, की एकदाच नीट वेळ काढून पूर्ण शिबिर करावे? सर्वांना लागू पडेल असे उत्तर या प्रश्नाला नाही. परंतु ते स्वतःपुरते शोधण्याची एक रीत आहे आणि ती पुढे क्रमाने मांडली आहे. माझे मत आरंभीच नोंदवणे बरे. शिबिर किती दिवसांचे आहे याला मी दुय्यम मानतो. परतल्यानंतर रोज काय करावे लागेल आणि ते आपल्या घरात जमेल का, हे आधी पाहावे आणि मग दिवस ठरवावेत.

पायरी पहिली: हेतू एका वाक्यात लिहून काढावा

‘मला स्वतःमध्ये बदल घडवायचा आहे’ हे वाक्य चालणार नाही. ते इतके ऐसपैस आहे की कोणतीही जाहिरात त्यात बसते. ‘ग्रामसभेत उभे राहिलो की माझी जीभ अडखळते’, ‘दुकानातील उधारी मागताना मला संताप आवरत नाही’, ‘मुलाच्या नीटच्या दुसऱ्या प्रयत्नाच्या काळजीने मला झोप लागत नाही’ अशी वाक्ये उपयोगाची असतात, कारण त्यांतून आपल्याला माहिती हवी आहे, कौशल्य हवे आहे की मनाची जुनी सवय मोडायची आहे, हे स्पष्ट होते.

माहिती हवी असेल, उदाहरणार्थ वेळेचे नियोजन कसे करावे किंवा मुलाखतीत कोणते प्रश्न विचारतात, तर एक दिवसाची कार्यशाळा पुरते आणि त्याहून अधिक दिवस देण्यात अर्थ नाही.

कौशल्याची गोष्ट वेगळी आहे. सभाधीटपणा, ऐकून घेण्याची सवय, हाताखालच्या माणसांशी बोलण्याची पद्धत या गोष्टी सलग दिवसांत येत नाहीत. त्या करून पाहाव्या लागतात, चुकाव्या लागतात आणि पुढच्या भेटीत कोणीतरी त्या सुधारून द्याव्या लागतात. शिकण्याचे तेवढेच तास एकाच बैठकीत कोंबण्यापेक्षा अंतराअंतराने विभागले तर लक्षात अधिक राहते, हे स्मृतीविषयीच्या संशोधनात एकोणिसाव्या शतकापासून पुन्हा पुन्हा आढळलेले आहे. म्हणून ज्याला भाषण शिकायचे आहे त्याने सलग पाच दिवसांच्या झगमगीत निवासी शिबिरापेक्षा दर रविवारी दोन तास, दोन महिने चालणारा साधा वर्ग निवडावा. जाहिरातीत तो फारसा उठून दिसत नाही, परंतु काम त्यानेच होते.

मनाची घडण, म्हणजे क्रोध, चिंता, अस्वस्थता, सतत मोबाइलकडे जाणारा हात, हा तिसरा प्रकार आहे. सलग आणि दीर्घ शिबिराचा खरा विचार येथेच करावा.

पायरी दुसरी: दिवस नव्हे, तास मोजावेत

‘लहान’ आणि ‘मोठे’ हे शब्द फसवे आहेत. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये सुरू केलेला सजगतेवर (माइंडफुलनेस, म्हणजे चालू क्षणाकडे लक्ष देण्यावर) आधारित ताण कमी करण्याचा कार्यक्रम आठ आठवड्यांचा असतो. दोन महिने म्हटले की तो मोठा वाटतो. प्रत्यक्षात आठवड्यातून एकदा सुमारे अडीच तासांची बैठक आणि मधे एक पूर्ण दिवस मौनाचा, म्हणजे वर्गातील एकूण वेळ पंचवीस-तीस तासांच्या आसपास येतो. उलट लँडमार्क फोरम हा व्यक्तिमत्त्व विकासाचा कार्यक्रम तीन दिवस आणि नंतर एका संध्याकाळचा म्हणून लहान वाटतो. पण ते तिन्ही दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत भरलेले असल्यामुळे त्याचे तास त्या आठ आठवड्यांहून कमी भरत नाहीत. आर्ट ऑफ लिव्हिंगच्या प्राथमिक शिबिरांसारख्या कार्यक्रमांत साधारणपणे लागोपाठ काही दिवस रोज थोडे तास द्यावे लागतात, माणूस रात्री आपल्या घरी झोपतो आणि सुदर्शन क्रिया या श्वसनाच्या पद्धतीचा सराव पुढे घरी चालू ठेवायचा असतो. दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात दिवसाचे ध्यान सुमारे दहा तासांचे असल्यामुळे एकूण आकडा शंभरावर जातो.

म्हणून चौकशी करताना आयोजकांना तीन गोष्टी विचाराव्यात: दिवसाला किती तास, रात्री मुक्काम कोठे आणि शिबिर संपल्यानंतर पाठपुराव्याची बैठक आहे का. तिसऱ्या प्रश्नाला ‘आमचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे’ एवढेच उत्तर मिळाले तर पाठपुरावा नाही असे धरून चालावे.

पायरी तिसरी: दीर्घ शिबिरात प्रत्यक्ष काय होते ते समजून घ्यावे

येथे विपश्यनेचे उदाहरण सविस्तर घेणे योग्य ठरेल. सत्यनारायण गोएंका यांनी १९६९ मध्ये भारतात पहिले शिबिर घेतले आणि पुढे नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी येथे धम्मगिरी हे मोठे केंद्र उभे राहिले. मराठवाड्यातील साधकांसाठी छत्रपती संभाजीनगरजवळ धम्म अजंता हे केंद्र आहे. शिवाय नांदेड, परभणी, जालना या बाजूने मुंबईकडे जाणारा रेल्वेमार्ग मनमाड-नाशिकवरून इगतपुरीलाच जातो, मात्र आपली गाडी तेथे थांबते का हे पाहूनच तिकीट काढावे.

या परंपरेत ‘आधी दोन दिवस करून पाहतो’ ही सोयच नाही. एक दिवसाची आणि तीन दिवसांची शिबिरे असतात, पण ती दहा दिवसांचे शिबिर पूर्ण केलेल्या जुन्या साधकांसाठी. नवख्याने दहा दिवसच द्यायचे. त्याचे कारण शिक्षणक्रमात आहे: पहिले साडेतीन दिवस केवळ श्वासाकडे लक्ष देऊन मन स्थिर केले जाते आणि चौथ्या दिवशी प्रत्यक्ष विपश्यना, म्हणजे शरीरातील संवेदना तटस्थपणे पाहणे, शिकवण्यास आरंभ होतो. जो तिसऱ्या दिवशी उठून जातो त्याने विपश्यना केलेलीच नसते.

आणि उठून जावेसे वाटते ते बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच. पहाटे चारला घंटा होते, साडेचारला बैठक सुरू होते, सकाळी अकराला जेवण झाले की संध्याकाळी पाचला नव्या साधकांना चहा आणि फळ किंवा चुरमुऱ्यांसारखा हलका आहार मिळतो आणि रात्रीचे जेवण नसते. मांडी घालून बसण्याची सवय सुटलेला माणूस या दिवसांत गुडघ्याखाली एक उशी घेतो, मग दुसरी घेतो, मग पाठीला टेकू मागावा का याचा विचार करू लागतो. शेजारचा माणूस ढिम्म बसलेला दिसतो आणि तोही आतून तेवढाच वैतागलेला आहे हे दहाव्या दिवशी मौन सुटल्यावरच कळते. त्या दिवशी भोजनगृहात जो कलकलाट होतो तो ऐकण्यासारखा असतो. रात्रीची प्रवचने मूळ हिंदी आणि इंग्रजीत आहेत, त्यामुळे मराठी माणसाची भाषेची अडचण सहसा होत नाही.

आपल्याकडे हा प्रकार अगदीच परका नाही. गावातील अखंड हरिनाम सप्ताहात पहाटेचा काकडा, दिवसा ज्ञानेश्वरीचे पारायण, सायंकाळी हरिपाठ आणि रात्री कीर्तन असा क्रम सात दिवस चालतो; शेवटच्या दिवशी काल्याचे कीर्तन होते. पारायणाला शेवटपर्यंत बसलेला माणूस आणि केवळ काल्याच्या दिवशी प्रसादाला आलेला माणूस यांच्यातला फरक ज्याने पाहिला आहे, त्याला सलग दिवसांचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. मात्र सप्ताहात सोबत असते, टाळ-मृदंग असतो, बोलणे-हसणे असते; मौनाच्या शिबिरात यांतले काहीच नसते. एकांताचा अजिबात अनुभव नसलेल्याने घरीच एखादा रविवार मोबाइल बंद ठेवून, शक्य तितके न बोलता काढून पाहावा. तो दिवसच काढवत नसेल तर दहा दिवसांचा अर्ज थोडा पुढे ढकलण्यात कमीपणा नाही.

पायरी चौथी: घरचा दिनक्रम कागदावर मांडावा

शिबिर कसेही पार पडते, कारण तेथे घंटा दुसरा कोणी वाजवतो. प्रश्न त्यानंतरचा आहे. विपश्यनेनंतर सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसावे असे सांगितले जाते. इतर बहुतेक पद्धतींत रोज वीस मिनिटे ते पाऊण तास सराव अपेक्षित असतो. ही वेळ आपल्या घरात नेमकी कोठे बसेल?

वाळूज किंवा चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत ज्याची पाळी दर आठवड्याला बदलते, त्याची ‘पहाटे पाच’ ही वेळ तीन आठवड्यांतून एकदाच खरी असते. ज्या शेतकऱ्याच्या शिवारात कृषिपंपाला रात्रीची वीज येते, तो मध्यरात्री दारे धरून पहाटे परत येतो. आणि मराठवाड्यातील अनेक शहरांत नळाला पाणी काही दिवसांआड येते. ज्या सकाळी नळ येतो त्या सकाळी घरातील प्रत्येक माणूस मोटार, पाइप, हंडे आणि टाकीच्या मागे असतो. त्या वेळी डोळे मिटून बसलेल्या माणसाविषयी घरात काय बोलले जाईल हे सांगण्याची गरज नाही. या अडचणी मिटणाऱ्या नाहीत, म्हणून त्या धरूनच वेळ ठरवावी: पाण्याच्या दिवशी सराव दुपारी, रात्रपाळीच्या आठवड्यात झोपेतून उठल्यावर, आणि अगदीच नाही जमले तर दहा मिनिटे, पण खंड नको.

‘एकवीस दिवसांत सवय लागते’ या वाक्यावर विसंबू नये. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी ९६ व्यक्तींवर केलेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साधी नवी सवय अंगवळणी पडण्यास सरासरी ६६ दिवस लागल्याचे आढळले, आणि माणसागणिक हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. कोणतेही शिबिर एवढे लांब नसते. म्हणजे अगदी दहा दिवसांच्या शिबिरातूनही आपण सवय घेऊन येत नाही, केवळ तिची सुरुवात घेऊन येतो. नव्याचे नऊ दिवस सरल्यानंतर पुढचे महिने ज्याला घरात निभावता येणार नाहीत, त्याने लहान सराव शिकवणारी, घराजवळची आणि आठवड्याला भेटता येईल अशी कार्यशाळा घ्यावी. माझ्या पाहण्यात बहुसंख्य संसारी माणसांना पहिल्या खेपेस हीच निवड मानवते.

पायरी पाचवी: प्रकृतीची बाजू लपवू नये

दीर्घ मौन आणि दिवसभराचे ध्यान प्रत्येकाला झेपते असे नाही. तीव्र नैराश्य, भ्रम, आत्महत्येचे विचार, दुभंगलेली मनःस्थिती किंवा अलीकडेच घडलेला मोठा आघात अशा अवस्थेत सलग शिबिरामुळे त्रास वाढल्याची उदाहरणे वैद्यकीय लेखनात नोंदली गेली आहेत. म्हणूनच विपश्यनेच्या अर्जात मानसिक आजार आणि चालू औषधे यांची विचारणा असते. ‘खरे लिहिले तर प्रवेश मिळणार नाही’ या भीतीने तेथे खोटे लिहू नये. तो प्रश्न आपल्याच बचावासाठी आहे. शिबिरापुरती मानसोपचाराची औषधे स्वतःच्या मनाने बंद करणे तर सर्वांत धोक्याचे.

अशा व्यक्तीने आधी डॉक्टरांना भेटावे. छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ, तसेच लातूर व नांदेड येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये यांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभागाकडे जाता येते, आणि टेली-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक कोणत्याही वेळी विनाशुल्क लागतो. मधुमेह असणाऱ्यांनी रात्रीच्या जेवणाविषयी केंद्राशी आधीच बोलावे. गोळी किंवा इन्सुलिनची वेळ त्याप्रमाणे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी.

पायरी सहावी: रजा, हंगाम आणि खरा खर्च

दहा दिवसांच्या शिबिराला दहा दिवसांची रजा पुरत नाही. आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोहोचायचे असते आणि अकराव्या दिवशी सकाळी सुटका होते. उमरगा किंवा किनवटहून येणाऱ्याला प्रवासाचे दिवस धरून तेरा-चौदा दिवस लागतात. किरकोळ रजेत हे बसत नाही. शासकीय सेवेतील कर्मचाऱ्यांच्या विपश्यना रजेबाबत शासनाचे आदेश आहेत. आपल्या कार्यालयाच्या आस्थापना शाखेत चौकशी करून अर्ज आधी मंजूर करून घ्यावा आणि मगच शिबिराची जागा पक्की करावी.

शेतीवर असणाऱ्यांनी मृगाच्या पेरणीपासून सोयाबीनच्या काढणीपर्यंत आणि पुढे कापूस वेचणी व तुरीच्या राशी होईपर्यंत दीर्घ शिबिराचा विचार न केलेलाच बरा. ज्वारी-हरभरा घरात आला की पेरणीच्या तयारीपर्यंत थोडी उसंत मिळते, पण त्याच काळात लग्नसराई आणि उन्हाचा तडाखा असतो. म्हणून गुढीपाडव्याच्या आसपासच्या तारखा पाहाव्यात आणि अर्ज बराच आधी भरावा.

खर्च मोजताना केवळ शुल्क पाहू नये. विपश्यना केंद्रांत राहण्या-जेवणाचे शुल्क घेतले जात नाही. शिबिर पूर्ण केलेल्या साधकाने इच्छेनुसार दान द्यायचे असते. तरीही समजा एखाद्याची रोजची मजुरी ५०० रुपये आहे आणि त्याचे तेरा दिवस बुडाले, तर साडेसहा हजारांचा खाडा त्याच्या माथी आलाच. व्यावसायिक प्रशिक्षणाच्या शुल्कावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. जाहिरातीतील आकडा कर धरून आहे का, हे विचारावे. आणि स्वतःला सुधारण्यासाठी कर्ज काढू नये. हप्ते भरताना जो ताण येतो तो घालवण्यासाठी पुन्हा दुसरी कार्यशाळा लागते.

पायरी सातवी: मोफत परिचय सत्राला जावे, पण पाकीट घरी ठेवून

दोन-तीन तासांच्या मोफत सत्रातून प्रशिक्षकाची भाषा, वागणूक आणि प्रश्नांना उत्तर देण्याची तयारी कळते, त्यामुळे त्याला जरूर जावे. मात्र शेवटचा अर्धा तास निरखून पाहावा. दिवे मंद होतात, संगीत चढते, कोणी एक जण व्यासपीठावर येऊन रडत आपली कथा सांगतो, मग दिवे लागतात आणि दाराजवळच्या टेबलावर क्यूआर कोडचे फलक, फॉर्म आणि पेन मांडलेले दिसतात. ‘ही सवलत केवळ आज रात्रीपर्यंत’ असे सांगितले जाते, आणि जो बाहेर पडू लागतो त्याला ‘हीच तुमची जुनी सवय आहे, निर्णय टाळण्याची’ असे ऐकवले जाते. भिडेखातर पैसे जातात ते याच क्षणी. ‘घरी विचारून उद्या कळवतो’ हे वाक्य ज्या आयोजकाला सहन होत नाही, त्याच्याकडे लहान वा मोठे कोणतेच शिबिर करू नये. काही ठिकाणी लहान कार्यशाळा ही केवळ मोठ्या, महागड्या शिबिराची विक्री करण्यासाठीच रचलेली असते. तिच्यातून परतताना हाती एखादा स्वतंत्र, घरी करता येण्याजोगा सराव पडतो का, ही तिची कसोटी.

मधुमेह, कर्करोग यांसारखे आजार शिबिराने किंवा चमत्काराने बरे होतात असा दावा कोणी करत असेल तर तेथून निघावे. अशा आजारांवरील चमत्कारिक उपायांच्या जाहिरातींवर १९५४ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे आणि अलौकिक शक्तीच्या नावाखाली होणाऱ्या फसवणुकीसाठी महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे.

पैसे भरण्यापूर्वी रद्द केल्यास परताव्याची अट लेखी घ्यावी आणि पक्की पावती मागावी. आयोजकांनी आश्वासन मोडले तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. आयोजक मुंबई-पुण्याचा असला तरी हिंगोलीच्या माणसाला तिकडे खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचे शुल्क नाही. प्राथमिक सल्ल्यासाठी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. जेथे मोबदलाच घेतलेला नाही अशा दानावर चालणाऱ्या शिबिरांना मात्र हा मार्ग लागू होत नाही.

पायरी आठवी: जाण्यापूर्वी आणि परतल्यानंतर

मौनाच्या शिबिराला जाताना केंद्राच्या कार्यालयाचा दूरध्वनी क्रमांक घरी लिहून ठेवावा. अडीनडीला निरोप तेथूनच मिळतो. घरातील जबाबदाऱ्या कोणाकडे सोपवल्या आहेत हे बोलून ठरवावे. विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत ‘तू जा, आम्ही बघतो’ एवढे पुरत नाही. दूध, डबे, सासूबाईंची औषधे आणि पाण्याचा दिवस कोण सांभाळणार, याची नावानिशी यादी करून ती स्वयंपाकघरात लावावी.

परतल्यावर पहिल्या आठवड्यात नोकरी, भागीदारी, सोयरीक किंवा जमीन यांविषयीचे मोठे निर्णय घेऊ नयेत. मन त्या दिवसांत चढलेले असते. घरच्यांना उपदेश करण्याचाही मोह आवरावा. एक साधी वही घालून रोजच्या सरावापुढे केवळ तारीख आणि मिनिटे लिहावीत, आणि शहरात सामूहिक बैठक होत असेल तर आठवड्यातून एकदा तेथे जावे.

सहा आठवड्यांनी ती वही आणि सुरुवातीला एका वाक्यात लिहिलेल्या हेतूचा कागद शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. अर्ध्याहून अधिक दिवस सराव झालेला असेल आणि उधारी मागताना आवाज पूर्वीइतका चढत नसेल, तर अधिक लांबीच्या शिबिरासाठी अर्ज करावा. वही रिकामी असेल तर नवे शिबिर शोधण्याआधी त्याच प्रशिक्षकाला गाठून सराव दहा मिनिटांवर आणावा आणि आणखी सहा आठवडे तेवढाच करावा.